ट्रकावरचे सरगुंडे

लग्नाला दोन वर्षं पुरी झाली नव्हती, आणि माझ्या नवऱ्यानं माझ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात नोंद केली. चोराविरुद्ध नाही, दारुड्याविरुद्ध नाही, माझ्याविरुद्ध! स्वतःच्या हातानं, स्वच्छ अक्षरात, माझं पूर्ण नाव, वय आणि राहण्याचं ठिकाण लिहून. त्यातही वय एका वर्षानं जास्त लिहिलं. त्याचा राग मला अजून आहे.

गोष्ट अमरावतीची. आमचे हे तिथं शिपाई होते आणि ठाण्याच्या मागं पोलीस लाईनीत आम्हाला दीड खोली मिळाली होती. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं झालेलं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, आणि ह्यांच्या गावात आमच्या समाजातला खाकी कपडे घालणारा हा पहिलाच माणूस. नोकरी लागली तेव्हा सासरे ह्यांना म्हणाले होते, "लेका, मातीचा डाग पडला तर धुता येते. दुसरा कोणता डाग ह्या कपड्यावर पडू देऊ नको." हे त्यांनी एकदाच सांगितलं, पण आमच्या ह्यांनी ते असं मनावर घेतलं की बस्स. कपड्यांना इस्त्री करताना मी जवळून गेले तरी म्हणायचे, "दूर, दूर."

ठाणं आणि आमची लाईन यांच्या मधोमध एक मोठं आवार होतं. पोलिसांनी पकडलेल्या गाड्या तिथं उभ्या असायच्या. बिनादिव्याच्या सायकली साखळीत ओवलेल्या, एक-दोन टांगे, कधी एखादी मोटार. गाडी अडवून ठेवायचा अधिकार पोलिसाला असतो हे लोकांना ठाऊक असतं. पण अडवलेली गाडी सांभाळायचीही असते, हे मला लग्नानंतर कळलं. त्या गाड्यांच्या चाब्या आमच्या ह्यांच्याकडे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला हे एक फेरी मारायचे. कुणाच्या टायरात हवा कमी आहे का पाहायचे, सायकलींच्या सीटवरची धूळ पुसायचे. एकदा पाऊस आला तर स्वतःची छत्री एका जप्त सायकलीवर बांधून आले, आणि स्वतः भिजले. मी म्हटलं, "अवो, त्या सायकलीले सर्दी होते का?" तर म्हणाले, "जशी आणली तशी परत गेली पायजे. ती ना त्याची हाये आता, ना आपली. ती कायद्याची हाये." मी मनात म्हटलं, बाई, सवत असती तर परवडली असती. निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक ट्रक पकडला गेला. अचलपूरकडच्या एका बड्या असामीचा ट्रक. चालवत होता त्याचा पुतण्या, वीस-बाविशीचा. लायसनचा पत्ता नाही, तोंडाला वास, आणि पोत्यांवर पंधरा-वीस माणसं बसवलेली. भर बाजारात त्यानं एका बैलगाडीला धडक दिली. गाडीवानाचा पाय मोडला. बैल वाचले, माणसं वाचली, ही नशिबाची गोष्ट. पुतण्या ट्रक तसाच दामटून निघाला होता. आमचे हे चौकात ड्युटीवर होते, हे ट्रकापुढं काठी आडवी धरून उभे राहिले. काठी! समोर ट्रक, आणि ह्यांच्या हातात काठी! कागदावर सही ठाणेदारांची झाली, पण ट्रक थांबला तो ह्यांच्यापुढं. मला हे दुसऱ्याच दिवशी बाजारात कळलं, आणि भाजीवालीनं मला कोथिंबीर जास्त दिली.

तिसऱ्या दिवशी मालक आला. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात उपरणं, मागं दोन माणसं. आमच्या दारातून आवार दिसायचं, म्हणून मी सगळं ऐकलं.

"चाबी दे," मालक म्हणाला. "कागद मंग पाहू."

"कागद आणा," हे म्हणाले. "चाबी मंग पाहू."

मालकानं ह्यांना खालून वर न्याहाळलं. आमच्यासारख्यांकडं कसं पाहायचं याची त्याला पिढीजात सवय होती. "काल-परवाचे तुमी लोक," तो म्हणाला, "अन् माह्या ट्रकाची चाबी तुह्या खिशात? याद ठेव. ट्रकाले कोणी बोट जरी लावलं, एक खिळा जरी इकडचा तिकडं झाला, तर तुह्या अंगावरचे हे कपडे उतरवून घेईन."

ह्यांनी खिशाचं बटण लावलं. घरी येऊन मला म्हणाले, "आयकलं ना? ट्रकाले बोट लावायचं नाई."

"मले काय करायचं तुमच्या ट्रकाले!" मी म्हटलं. आणि खरं सांगते, तेव्हा मी ते अगदी प्रामाणिकपणे म्हटलं होतं.

पुढं आला वैशाख. वैशाख म्हणजे आमच्याकडं वाळवणाचे दिवस. मी अकोल्याची, आणि आमच्या अकोल्याच्या घरात सरगुंड्यांशिवाय उन्हाळा झालाच नाही. गव्हाची कणीक चांगली मळून तिची बारीक दोरी काढायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळत जायची, मग काडी अलगद ओढून घ्यायची. वाळला की पोकळ सरगुंडा तयार. उकडून आमरसात टाकला की माणूस पानावरून उठत नाही. सासू-सासरे आंब्याच्या दिवसांत पहिल्यांदाच लाईनीत राहायला येणार होते. मला माझी कर्तबगारी दाखवायची होती, दुसरं काय!

पण वाळवायचं कुठं? लाईनीच्या घरांवर कवेलू, गच्ची नावाची गोष्ट नाही. अंगणात घातलं की कवायतीच्या मैदानावरची धूळ. बाजेवर घातलं की बकऱ्या. पोलीस लाईनीतल्या बकऱ्या कोणाच्या बापाला भीत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझे अर्धे सरगुंडे खाल्ले आणि उरलेल्यांत उभ्या राहून लेंड्या टाकल्या. मी डोक्याला हात लावून बसले.

शेजारच्या घरात आपा राहायची. तिचा नवरा ह्यांच्याच ठाण्यात शिपाई. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, बोलायला लागली की अर्धं उर्दू, अर्धं वऱ्हाडी, आणि हसायला लागली की पुरी लाईन गोळा. तिच्याही शेवयांची तीच गत झाली होती. आम्ही दोघी दारात बसून बकऱ्यांना शिव्या घालत होतो, आणि एकदम आपानं माझा हात ओढला. तिची नजर आवारात गेली होती.

"भाभी," ती म्हणाली, "वो देख."

मी पाहिलं. ट्रकाच्या केबिनवर दोर-ताडपत्री ठेवायला लाकडी टप असते, कठडा लावलेली. इतकी उंच की बकरीच्या आजीलाही चढता यायचं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर सरळ ऊन.

"आपा, नको," मी म्हटलं.

"मैं कहां कुछ बोली?" आपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ह्यांची सकाळची फेरी झाली, हे चौकात ड्युटीवर गेले, आणि मी लुगड्याचा काचा मारून ट्रकावर चढले. बाई, काय सांगू! मी जन्मात कधी इतक्या उंच चढले नव्हते. वरून अख्खी लाईन दिसली, ठाणेदारांच्या घराचं परसदार दिसलं, कोण कोणाशी बोलतंय तेही दिसलं. खालून आपा ताटं वर देत होती, मी वर पसरत होते, आणि दोघींना असं हसू लोटत होतं की तोल जायची वेळ. खाली अंथरायला स्वच्छ कापड हवं, म्हणून मी ह्यांना मिळालेली सरकारी चादर नेली होती. चांगली जाड, पांढरी. कोपऱ्यात ह्यांचा बक्कल नंबर, लाल दोऱ्यानं मीच शिवलेला. काय अक्कल म्हणावी!

संध्याकाळच्या फेरीआधी सगळं खाली. असे चार दिवस सुखात गेले. तिसऱ्या दिवसापासून लाईनीतल्या आणखी तिघी-चौघी आल्या. कोणाच्या कुरड्या, कोणाचे पापड. दुपारी ट्रकाच्या सावलीत बसायचं, उखाणे, नवऱ्यांच्या नकला, सगळ्यांचं खी-खी. त्या ट्रकानं एका गाडीवानाचा पाय मोडला असेल, पण आम्हा बायकांना त्यानं माहेर दिलं, हेही खरंच आहे.

पाचव्या दिवशी हे एका खटल्यात साक्ष द्यायला अकोल्याला गेले. जाताना गाड्यांच्या चाब्या आपाच्या नवऱ्याकडे दिल्या. आणि नेमका त्याच दिवशी, भर दुपारी, मालकाचा माणूस एका ड्रायव्हरला घेऊन कोर्टाचा कागद दाखवत आला. ट्रक सोडून द्यावा, असा हुकूम. ठाणेदारांनी कागद पाहिला, आपाच्या नवऱ्यानं चाबी दिली, खाली फिरून चाकं-बिकं पाहिली. वर कोण पाहते त्या उन्हात? आम्ही सगळ्या आपाच्या घरात ओला पडदा लावून लोळत होतो.

इंजिनाचा घरघराट ऐकू आला. मी म्हटलं, "कोणाची गाडी आली वाटते."

आपा पडदा सारून पाहते तो ट्रक फाटकातून बाहेर. "आई नहीं, भाभी! गई! अपनी गाड़ी गई!"

मग जे झालं ते आठवून मला आजही ठसका लागतो. आम्ही सहा जणी, अनवाणी, भर वैशाखात, ट्रकामागं धावतोय. "थांबवा वं! थांबवा!" मी ओरडतेय, "रोको उसको!" आपा ओरडतेय. ट्रक वळणावर हालला की वरून दोन-चार सरगुंडे टपकन् रस्त्यावर. एक कुरडई उडून पानठेल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर पडली. त्यानं ती उचलून आभाळाकडं पाहिलं.

ठाण्याबाहेर एक टांगा उभा होता. आम्ही त्यात शिरलो. टांगेवाला घाबरला. "भाभी, टांगा चार सवारी का है! तुम्हारे मियां देखेंगे तो मेराच टांगा जप्त करेंगे!"

"मियां अकोले में है," आपा म्हणाली. "तू चल!"

सहा बाया आणि एक घोडा असे आम्ही अचलपूरकडं जाणाऱ्या परतवाड्याच्या रस्त्याला लागलो. चौकातल्या शिपायानं आम्हाला थांबवायला हात वर केला, मग आत कोण आहे ते पाहिलं, आणि हात तसाच नेऊन डोकं खाजवलं. ट्रक पुढं दिसत होता, लहान होत होता. नाक्यापर्यंत घोड्यानं जीव लावला. मग तो उभाच राहिला, आणि ट्रक दिसेनासा झाला.

परत आलो ते हसत. अगदी पोट धरधरून. पायाला चटके, घशाला कोरड, पण हसू थांबेना. आपा मध्येच म्हणाली, "भाभी, चादर किसकी थी?"

तिथं माझं हसू थांबलं. मला एकदम मालकाचं ते बोलणं आठवलं. एक खिळा जरी हालला तर. आणि मी तर त्याच्या ट्रकावर ह्यांचा नंबर शिवून पाठवला होता! पायाखालची वाळू सरकणं काय असतं ते मला त्या तापलेल्या डांबरावर कळलं. ह्यांची नोकरी गेली तर हे पुन्हा कोणत्या तोंडानं गावात जातील, सासऱ्यांपुढं कसे उभे राहतील, याच्यापुढं माझा विचारच जाईना.

संध्याकाळी हे अकोल्याहून आले. माझ्या आईनं दिलेली लोणच्याची बरणी हातात. मी सगळं सांगितलं. आपाचं आणि बाकीच्या बायांचं नाव मात्र घेतलं नाही. "मी चढली, मी वाळू घातले, मीच चादर नेली."  मला वाटलं, हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी पाणी घेतलं, बरणी फळीवर ठेवली, उतरवलेला गणवेश पुन्हा चढवला, पट्टा लावला, टोपी घातली आणि ठाण्यात गेले.

अर्ध्या तासानं आले. म्हणाले, "लिवून आलो."

"काय लिवलं?"

"जे झालं ते. रोजनाम्यात. माह्या ताब्यातल्या जप्त ट्रकावर माह्या बायकोनं वाळवण घातलं होतं, सरकारी चादर अंथरून, अन् ते ट्रकासंग गेलं."

बाप्पा बाप्पा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. "अवो, तुमी नवरा हायेत का कोण हायेत? तो मालक तुमच्या कपड्यावर टपून बसला, अन् तुमी त्याच्या हातात आयता कागद देऊन आले? चादर हरवली म्हणून सांगतलं असतं! चोरीले गेली म्हणून सांगतलं असतं! अन् माहं नाव? माह्या नावानं रिपोर्ट?"

"दुसऱ्या कोणाच्या बायकोनं घातलं असतं तर तिचं लिवलं असतं," हे म्हणाले.

झालं. त्या क्षणापासून माझं बोलणं बंद. दोन दिवस मी ह्यांच्याशी शब्द बोलले नाही. ताट आपटून ठेवायचं, तांब्या आपटून ठेवायचा. काही सांगायचंच असलं तर भिंतीपलीकडं आपाला मोठ्यानं सांगायचं, "आपा, कोणाले गरम पाणी लागत असलं तर चुलीवर हाये म्हणा!" आपा तिकडून तितक्याच मोठ्यानं, "भाईसाहब, सुन लो!" हे गुपचूप पाणी घ्यायचे. कोण बोलणार, दोघेही हट्टाला पेटलेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब आले, जिल्ह्याचे. मालकानं वर अर्ज केला होता. साहेब पुण्याकडचे, चष्मा, बोलणं एकदम हळू आणि पुस्तकातल्यासारखं. ठाण्याच्या ओसरीत खुर्च्या मांडल्या. मालक चादर घेऊन आला होता, कोपरा पुढं करून, नंबर दिसेल असा. आम्ही बाया आवाराच्या कडेनं उभ्या. हे साहेबांपुढं ताठ उभे.

मालक म्हणाला, "साहेब, ह्या शिपायानं माहा ट्रक घरासाठी वापरला. ट्रक चालवला, लाकडं वाहिली, अनाज वाहिलं. अन् आता लपवून राहिला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

साहेबांनी रोजनामा मागवला, पान उलटलं, वाचलं. मग पुन्हा वाचलं. "अर्ज माझ्याकडे आला काल," ते म्हणाले. "ही नोंद त्याच्या दोन दिवस आधीची. लपवलंय कुठं?" मग त्यांनी मान वर केली. "ह्या बाई कोण?"

मी पदर डोक्यावर घेऊन पुढं झाले. भीती होती, पण राग त्याहून मोठा होता.

"तुम्ही ट्रकावर चढलात?"

"चढली."

"का?"

"बकऱ्या खाली होत्या, साहेब."

साहेबांच्या कानाला आमची बोली भांडणासारखी लागत असावी, ते जरा मागं सरकले. "ट्रक जप्त केलेला होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ट्रक जप्त होता. ऊन तं कोणी जप्त केलं नवतं."

ओसरीत कोणीतरी खोकल्यासारखं केलं. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. "तुमच्या यजमानांना माहीत होतं?"

"यायले? यायले मालूम असतं तं यायनं मले ट्रकासंगच साखळीनं बांधलं असतं!"

तेवढ्यात मागून आपा पुढं आली, एकदम तावातावानं. "साहब, मैं भी चढ़ी थी. शेवयां मेरी थी. मेरा नाम क्यों नहीं लिखा?" तिच्या नवऱ्यानं कपाळावर हात मारला. तिच्या मागून कुरडईवाली आली, पापडवाली आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकटीवर येऊ नये म्हणून ह्या बाया आपापल्या नवऱ्यांच्या नोकऱ्या पणाला लावून उभ्या राहिल्या होत्या.

साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि मालकाला विचारलं, "ट्रकाचं नुकसान काय झालं? ट्रक कुठं आहे?"

"आणला ना साहेब, पुरावा म्हणून. फाटकापाशी उभा हाये," मालक मोठ्या तोऱ्यात म्हणाला. "तुमीच पाहा."

साहेब उठले, मागोमाग सगळे. ट्रक उभा होता, आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसून आरशात पाहून भांग पाडत होता तो पुतण्या. तोच!

साहेबांनी आमच्या ह्यांना विचारलं, "धडक दिली तेव्हा कोण चालवत होतं?"

"हेच, साहेब."

साहेब पुतण्याला म्हणाले, "लायसन?" पुतण्यानं काकाकडं पाहिलं. काकानं आभाळाकडं पाहिलं. साहेबांनी कोर्टाचा तो सुटकेचा कागद मागवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. लायसन असलेल्या ड्रायव्हरशिवाय कोणी हा ट्रक चालवायचा नाही, या अटीवर ट्रक सोडला होता. खाली मालकाची स्वतःची सही.

आपल्याच पायावर इतका मोठा धोंडा कोणी मारून घेतलेला मी तरी पाहिला नाही. साहेबांनी पुतण्याला खाली उतरवलं, ट्रकाची चाबी काढून घेतली आणि ती आमच्या ह्यांच्या पुढं धरली. "ताब्यात घ्या," ते म्हणाले. "ज्यानं बायकोचीही गय केली नाही, त्याच्याकडेच राहू द्या." मग माझ्याकडं वळून, "बाई, ह्या खेपेला ट्रकावर काही नको. ठाण्याच्या व्हरांड्याचं छत सपाट आहे. मी ठाणेदारांना सांगतो."

लाईनीत जो कल्ला झाला तो विचारू नका. आपानं मला उचलून गोल फिरवलं. मालक पायी स्टँडकडं गेला, पुतण्या मागं मागं.

ह्यांनी ट्रक आवारात लावून घेतला, पंचनामा केला, सगळं यथासांग, आणि दुपारी घरी आले. टोपी काढून खुंटीला अडकवायला गेले, ती दोनदा खाली पडली. ट्रकापुढं काठी धरून उभा राहिलेला माणूस, आणि टोपी खुंटीला लागेना.

माझा अबोला तिथंच मोडला. "भेव वाटून राह्यलं होतं का?" मी विचारलं.

"लय," हे म्हणाले. "मले वाटलं, आज कपडे जातात."

"मंग लिवलं काहून? नसतं लिवलं तं कोणी काही साबित करू शकलं नसतं. मी सांगतलं असतं ना, चादर हरवली म्हणून."

हे भिंतीला टेकून खाली बसले. "म्हणूनच लिवलं," हे म्हणाले. "त्या मालकापुढं, सगळ्या ठाण्यापुढं तुले उभं राहून खोटं बोलावं लागलं असतं. अन् त्यानं तुह्याकडं पाह्यलं असतं. तुही मान खाली गेलेली मले पाहायची नवती."

  मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले आणि ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला, भर दुपारी, दार सताड उघडं असताना, सगळी पोलीस लाईन पाहत असताना.